पिसदुऱ्याची माती कोणाच्या दफ्तरी?

चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे जे लहानसे गाव आहे, त्याच्या शिवारातील तांबड्या आणि हिरवट चिकणमातीला देशोदेशींचे जीवाश्मशास्त्रज्ञ गेले दीड शतक नावानिशी ओळखत आले आहेत. परंतु त्याच जमिनीचा सातबारा काढून पाहिला तर खातेदार, क्षेत्र, आकारणी आणि पीकपाणी यांपलीकडची एक ओळही त्यात सापडावयाची नाही. जी माती सर्वथा अज्ञात असेल तिची उपेक्षा एक वेळ क्षम्य मानता येईल. पण जिचे माहात्म्य विद्वानांच्या ग्रंथांतून पुनःपुन्हा सिद्ध झाले आहे, तिचे रक्षण करण्याची जबाबदारी कोणत्याच कचेरीने आपली म्हणू नये, ही गोष्ट शासनाला आणि आपणा सर्वांना भूषणावह नाही.

ही माती भूशास्त्रज्ञ ज्याला लमेटा शैलसमूह म्हणतात त्यातील आहे. जबलपूरनजीक नर्मदेच्या ज्या घाटावरून त्याला हे नाव पडले, तेथपासून विदर्भापर्यंत आणि पश्चिमेस गुजरातेपर्यंत त्याचे तुकडे विखुरलेले आहेत. क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, म्हणजे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, जेव्हा भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस एखाद्या बेटाप्रमाणे एकाकी असून उत्तरेकडे सरकत होती, तेव्हा येथे नद्या वाहत होत्या, उथळ सरोवरे भरत आणि आटत होती, आणि पुराचा गाळ काठांवर पसरून त्याचे थर साचत होते. पुढे ज्वालामुखींच्या उद्रेकांतून निघालेला लाव्हा एकावर एक असा पसरत गेला आणि आजही सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर व्यापणारा दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. सह्याद्रीच्या बाजूस या पाषाणाची जाडी किलोमीटरहून अधिक असल्यामुळे त्याखाली काय दडले आहे ते पाहण्याची सोय नाही. परंतु वरोरा परिसर या लाव्हाप्रदेशाच्या पूर्व कडेला येत असल्याने तेथील आवरण विरळ होत होत झिजून गेले आणि जुनी माती पुन्हा उजेडात आली. महाराष्ट्राचा बहुतेक मुलूख ज्या पाषाणावर उभा आहे, त्याच्या लगेच आधीचा महाराष्ट्र पाहावयाचा असेल तर पिसदुरा, डोंगरगाव आणि नांद यांसारख्या थोड्याच गावांच्या शिवारात जावे लागते.

या परिसरातील जीवाश्मांकडे विद्वज्जनांचे लक्ष वेधण्याच्या कामी नागपुरातील स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचा वाटा मोठा आहे. धर्मप्रसारार्थ आलेला हा गृहस्थ दगड, शिंपले आणि हाडे जमवीत विदर्भभर हिंडला, आणि अशाच शोधयात्रेत, टाकळघाटाजवळची शिलावर्तुळे पाहून परतताना, १८६३ साली ओढ्याच्या पुरात वाहून गेला. नागपुरातील महाविद्यालय आजही त्याचे नाव चालवीत आहे. त्यानंतर १८७९ साली रिचर्ड लायडेकर याने पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून महाकाय शाकाहारी सरटांची एक जाती वर्णिली. १९३९ साली चार्ल्स मॅटली याने येथील अश्मीभूत विष्ठेवर स्वतंत्र निबंध लिहिला. आणि डोंगरगावच्या टेकडीवर १९८० नंतरच्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेने उत्खनन करून ज्या प्राण्याचा सांगाडा मिळविला, तो आज त्याच संस्थेच्या आद्याक्षरांवरून इसिसॉरस या नावाने जगन्मान्य झाला आहे. त्याची हाडे मात्र कोलकात्यात आहेत; वरोऱ्याच्या शाळेतील मुलाला ती पाहावयाची तर त्याने सारा मध्य भारत ओलांडून जावे.

सर्वसामान्य वाचकास हाडांचे अप्रूप अधिक वाटते. परंतु पिसदुऱ्याची कीर्ती खरोखर ज्या वस्तूमुळे दिगंत पसरली ती वस्तू म्हणजे वर उल्लेखिलेली विष्ठा. तांबड्या मातीत ठिकठिकाणी करड्या-तपकिरी रंगाचे, मुठीएवढे किंवा त्याहून थोडे मोठे, एका टोकास निमुळते होत गेलेले गोळे सापडतात. मांसाहारी प्राण्याची विष्ठा हाडांतील फॉस्फेटमुळे सहज दगड बनते, पण वनस्पतिभक्षकाची क्वचितच टिकते. त्यामुळे पिसदुऱ्यात ती विपुल मिळावी हेच मुळी नवल होय. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद यांनी, अशोक साहनी व इतर सहकाऱ्यांसमवेत, या गोळ्यांतील द्रव्य रासायनिक प्रक्रियेने वेगळे करून, मागे उरलेले वनस्पतींचे सिलिकामय सूक्ष्म कण भिंगाखाली तपासले, आणि त्यांत शंकुधारी वृक्ष, ताडवर्गीय झाडे व इतर वनस्पती यांच्या जोडीला गवताच्या निदान पाच निरनिराळ्या प्रकारांचे कण ओळखले. डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हतेच, ही तोवरची रूढ समजूत २००५ साली ‘सायन्स’ नियतकालिकातील त्या एका निबंधाने मोडीत काढली. २०११ साली त्याच मातीतील कणांच्या आधारे भाताच्या गणाशी संबंधित गवतेही त्या काळी अस्तित्वात होती असे प्रतिपादन झाले. ज्या चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी आणि सिंदेवाहीच्या बांध्यांतून आज भात डोलतो, त्याच जिल्ह्याच्या मातीने भाताच्या गणगोताचा इतका प्राचीन पुरावा द्यावा, हा योगायोग आपल्या पाठ्यपुस्तकांनी आजवर कोणाला कळविलेला दिसत नाही.

एवढे वैभव ज्या मातीत आहे तिचा स्वभावही ध्यानी घेतला पाहिजे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दरवर्षीच्या या उलाढालीत आतले गोळे व हाडांचे तुकडे वर येऊन नांगराच्या तासात पडतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो औताला अडणारा दगड असल्यामुळे त्याने तो बांधावर टाकला तर त्यात त्याचा काही अपराध नाही. हौशी संग्राहक तो खिशात घालून नेतो तेव्हा मात्र हानी घडते, कारण जीवाश्माची खरी किंमत तो कोठे, कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी सापडला या माहितीत असते. थरावेगळा झालेला गोळा म्हणजे शोभेचा दगड. ज्या प्राण्यांची ही विष्ठा, ते टायटॅनोसॉर या महाकाय शाकाहारी सरटांच्या कुळातील असावेत हा तर्कदेखील शेजारी सापडलेल्या हाडांवरूनच बांधला गेला आहे. ते साहचर्य पुसले गेले तर पुढच्या संशोधकाच्या हाती तर्कालाही आधार उरणार नाही.

आता कायद्याची स्थिती पाहू. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा आणि पुरावस्तूंचा १९७२ चा, हे दोन्ही कायदे मुख्यतः मानवी हातांची निर्मिती डोळ्यांपुढे ठेवून रचलेले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ४८ गौण खनिजाविषयी अत्यंत दक्ष आहे: परवान्याविना ब्रासभर मुरूम उचलला तर तहसीलदार पंचनामा करून जबर दंड बसवितो, पण त्याच मुरुमाबरोबर सरटाचा मणका भरावासाठी गेला तर त्याची विचारपूस करणारा रकाना कोणत्याही नमुन्यात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या संरक्षणार्थ विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केला, तेव्हा सारे अधिकार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे एकवटल्याने विद्यापीठांतील संशोधनास खीळ बसेल, अशी तक्रार अनेक शास्त्रज्ञांनी केली. ती रास्त होती. माझी हरकत त्याहून निराळी आहे. दिल्लीने केलेला कायदा कितीही निर्दोष असला तरी पिसदुऱ्याच्या बांधावर पहारा करावयास दिल्ली येणार नाही. ते काम ज्याच्या शेतात गोळा निघतो त्याच्या आणि त्याच्या ग्रामसभेच्या राजीखुशीवाचून होणे नाही.

येथे शेतकऱ्याची भीती खोटी म्हणून झटकून टाकता येणार नाही. सरकारी नोंद झाली की विहीर खोदण्यास मनाई, घर बांधण्यास मनाई, विकण्यास अडचण, हा अनुभव अन्य संरक्षित स्थळांलगतच्या खातेदारांनी पुरेपूर घेतलेला आहे, आणि म्हणूनच सापडलेले हाड दाखविण्यापेक्षा पुरून टाकणे त्याला शहाणपणाचे वाटले तर दोष योजनेकडे जाईल. संरक्षण म्हणजे शेती बंद, असे समीकरण मांडणारी कोणतीही योजना येथे पहिल्याच वर्षी कोसळेल. शिवाय साध्या नांगरटीने या मातीचे जेवढे नुकसान होते त्याहून कितीतरी पटीने ते मुरूम आणि भरावाच्या मातीसाठी चालणाऱ्या यंत्राच्या खोदाईने होते, हे ओळखून निर्बंधाचा रोख पेरणीऐवजी उत्खननाकडे वळविणे न्याय्य आणि व्यवहार्यही आहे.

तेव्हा तजवीज अशी व्हावी. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे मुख्यालय नागपुरासच आहे. त्याने पिसदुरा, डोंगरगाव आणि लगतच्या मौजांतील जीवाश्मयुक्त थरांचा गटवार नकाशा करून तो तहसील कचेरीत द्यावा, आणि ग्रामसभेच्या ठरावानंतर त्या गटांच्या ‘इतर हक्क’ रकान्यात एवढीच नोंद घ्यावी की येथे गौण खनिजाचा परवाना भूवैज्ञानिकाच्या पाहणीवाचून मिळणार नाही. सापडलेली वस्तू जागेवरून न हलवता कळविणाऱ्या खातेदारास त्याचा मोबदला मिळावा, आणि उत्खननासाठी शेत अडले तर त्या हंगामाचे पीक रोख भरून द्यावे. तिसरी गोष्ट संग्रहालयाची. गुजरातेतील रैयोली येथे डायनोसॉरांच्या अंड्यांच्या ठिकाणी २०१९ साली संग्रहालय उघडले गेले, आणि आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात वडधमचे जीवाश्म उद्यान वनखात्याने उभारले आहे. मग वरोऱ्यात चार दालनांची वास्तू, कोलकात्यातील सांगाड्याची प्रतिकृती आणि पिसदुऱ्याचे अस्सल गोळे ठेवण्यास अडचण कोणती? ज्या गावच्या मुलांनी आपल्या शिवारातील गोळा काचेखाली नावानिशी पाहिला असेल, त्या गावात बाहेरचा संग्राहक गोणी भरून निघाला तर त्याला हटकणारे चार लोक तरी निघतील.

या सर्वाला येणारा खर्च तालुक्यातील एखाद्या मध्यम रस्त्याच्या खर्चापुढे नगण्य ठरेल, आणि सात-बाऱ्यावरील नोंदीला तर नव्या कायद्याची वाटही पाहावी लागणार नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्याची इच्छा आणि ग्रामसभेचा ठराव एवढेच भांडवल पुरे. चंद्रपूरच्या जिल्हा नियोजन समितीने येत्या आराखड्यात हा विषय घ्यावा, आणि तो का घेतला नाही असे विचारण्याचे काम वरोऱ्याच्या लोकप्रतिनिधींनी आणि शिक्षकांनी आपल्याकडे घ्यावे.