आगगाडीचें वेळापत्रक आणि इंग्रजीचा तास

गेल्या पंधरवड्यांत आमच्या ओसरीवर एक तरुण शिक्षिका येऊन बसली. एके काळीं ती आमच्याच वर्गांत बाराखडी गिरवीत असे. आतां मावळांतल्याच एका शाळेंत पांचवी ते सातवीच्या मुलांस इंग्रजी शिकविते. चहा घेतां घेतां म्हणाली, "गुरुजी, इतर तासांना हींच मुलें वर्ग डोक्यावर घेतात, आणि मी इंग्रजीचें पुस्तक उघडलें कीं सगळीं नंदीबैलासारखीं मान हालवूं लागतात. समजलें का, म्हटलें कीं 'येस मॅडम'. पण प्रश्न विचारावा तर एकाचेंहि तोंड उघडत नाहीं. मी करूं तरी काय?"

तिचा प्रश्न ऐकून आम्ही जरा ओशाळलों. कारण असे नंदीबैल तयार करण्यांत आमचाहि हात एके काळीं चांगला बसलेला होता.

आमचें शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत. त्यापुढें जें कांहीं पदरीं पडलें तें संस्कृताचें. इंग्रजी शिकविण्याचा योग आपल्यावर येईल असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. परंतु 2000 सालच्या जूनपासून महाराष्ट्र शासनानें पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. तत्पूर्वीं ती पांचवींत येत असे. रामकृष्ण मोरे हे त्या वेळीं शालेय शिक्षणमंत्री होते. त्या निर्णयावर केवढें वादळ उठलें होतें हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस स्मरत असेल. आम्ही विरोधकांच्या बाजूस होतों. शहरांतल्या मुलांस जें सहज मिळतें तें खेड्यांतल्या मुलांस दहा वर्षांचें होईपर्यंत कां मिळूं नये, ह्या प्रश्नाला आमच्यापाशीं तेव्हां उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. पण वाद एकीकडे आणि खडू दुसरीकडे. खडू आमच्या हातांत होता.

मग आम्हीं जें येत होतें तेंच केलें. ज्या रीतीनें आम्हांस शब्दरूपावलि शिकविली गेली त्याच रीतीनें आम्ही इंग्रजी घोकवूं लागलों. 'आय गो, यू गो, ही गोज' असा घोष सुरू झाला. पहिला महिना मुलांस मौज वाटली. दुसऱ्या महिन्यांत आवाज तोच राहिला, पण डोळे खिडकीबाहेर गेले. संस्कृताचें घोकणें फुकट जात नाहीं, मग इंग्रजीचें कां जावें, हें कोडें आम्हांस पुष्कळ दिवस उलगडलें नाहीं. वस्तुतः तें सोपें होतें. संस्कृत जसें लिहावें तसें वाचावें; आणि आमच्या पिढीच्या कानांवर तें रामरक्षेपासून आरतीपर्यंत रोज पडत असे. जीभ वळण्यापूर्वीं कान तयार झालेला होता. इंग्रजीचें तसें नाहीं. 'पुट' आणि 'बट' ह्यांत स्वराचें अक्षर एकच, उच्चार दोन. मराठींत क्रियापद वाक्याच्या शेवटीं शांतपणें बसतें. इंग्रजींत तें कर्त्याच्या मागोमाग धांवतें. 'ए' आणि 'द' ह्या दोन उपपदांना तर मराठींत जोडच नाहीं. इतक्या अडचणी एका दमांत मुलाच्या पुढ्यांत टाकून वर त्याची प्रत्येक चूक पकडावयाची, असा आमचा क्रम होता.

गम्मत अशी कीं, ज्या डॉक्टर भांडारकरांच्या मार्गोपदेशिकेवर महाराष्ट्रांत संस्कृताच्या कित्येक पिढ्या वाढल्या, तें पुस्तक मुळांत इंग्रजींत लिहिलेलें. एके काळीं इंग्रजी शाळेंतला विद्यार्थी संस्कृतहि इंग्रजीच्या द्वारें शिके! तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर घरोघर इंग्रजी पोसली गेली. भाषांतराचा आम्हांस तिटकारा नाहीं. पण ज्याच्या घरीं पाठमाला उघडून शेजारीं बसणारें कोणी आहे, त्याचें तें साधन. वर्गांतील चाळीसांपैकीं किती जणांच्या घरीं तसें कोणी होतें, हें आम्हीं मोजलें नव्हतें.

त्या चाळीसांत एक मुलगा होता. त्याचे वडील आमच्या तुंगार्लींतील एका मुंबईकराच्या बंगल्याचे राखणदार. मुलगा 'इस्कूल' म्हणे. आम्ही 'स्कूल' म्हणून दुरुस्त करीत असूं. पुन्हां 'इस्कूल', पुन्हां दुरुस्ती, आणि वर्गांत हशा. दिवाळीपर्यंत त्यानें इंग्रजीच्या तासाला बोलणेंच सोडून दिलें. आम्हांस वाटलें, पोरगा मंद आहे.

पुढें श्रावणांतल्या एका रविवारीं आम्ही राजमाचीच्या वाटेनें फिरावयास निघालों होतों. ही वाट आमच्या गांवावरूनच जाते, आणि पावसाळ्यांत तिच्यावर मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहकांची रीघ लागते. वळणावर परप्रांतीय तरुणांचा एक घोळका उभा होता, आणि मध्यें हा आमचा मुका विद्यार्थी! "स्ट्रेट गो. देन रिव्हर. टू मच वॉटर, नो क्रॉस. वेट." हातवारे चालले होते, डोळे चमकत होते, आणि तीं मोठीं माणसें निमूटपणें ऐकत होतीं. व्याकरणाचा पत्ता नव्हता. पण त्यांचे जीव सुरक्षित राहतील एवढी इंग्रजी त्याला येत होती. इतक्यांत त्याची नजर आमच्यावर पडली. त्याचें तोंड मिटलें आणि मान खालीं गेली.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. तो मुलगा पुढें नववींत इंग्रजीवरच अडकला आणि शाळा सुटली. घरची गरिबी हेंहि कारण होतेंच. परंतु आमचा वांटा आम्ही नाकारीत नाहीं.

त्यानंतर आम्ही चार जाणत्यांस विचारूं लागलों. तेव्हां एन्. एस्. प्रभु ह्यांच्या प्रयोगाची माहिती मिळाली. 1979 ते 1984 ह्या काळांत बंगळूर व मद्रास ह्या बाजूच्या साध्यासुध्या शाळांत त्यांनीं इंग्रजीचे असे वर्ग चालविले कीं, त्यांत व्याकरणाचा पाठ म्हणून नसे. मुलांपुढें एखादें काम ठेवावयाचें: हें आगगाडीचें वेळापत्रक, हा नकाशा, आतां शोधून काढा. शिक्षकानें एक उदाहरण सर्वांसमक्ष बोलून सोडवावें, मग तसेंच दुसरें मुलांनीं आपलें आपण सोडवावें. लक्ष उत्तराकडे लागलें कीं भाषा मागोमाग येते, हा त्यांचा सिद्धान्त. 1987 सालीं त्यांचें ह्या विषयावरील पुस्तक ऑक्सफर्डनें प्रसिद्ध केलें. व्याकरण इतकें वाऱ्यावर सोडावें हें आमच्या पाणिनीय हाडांना रुचत नाहीं. आठवड्यांतून एक तास तरी फळ्यावर नियम हवाच. परंतु मुलास आधीं कांहीं शोधावयास द्यावें, ही गोष्ट सोळा आणे खरी.

आमच्या लोणावळ्यांत वेळापत्रकाची काय वाण? आम्हीं पुणें लोकलचें पत्रक आणून फळ्यावर उतरविलें. मळवली, कामशेत, कान्हे, वडगांव, तळेगांव: सारीं नांवें मुलांच्या ओळखीचीं, म्हणजे निम्मी भीति तेथेंच गेली. मग इंग्रजींत प्रश्न: मामाला दहाच्या आंत शिवाजीनगरला पोंचावयाचें आहे, त्यानें कोणती गाडी धरावी? ती चुकली तर? भाज्याचीं लेणीं पाहून सायंकाळीं परत यावयाचें तर मळवलीस किती वाजतां यावें? वर्गांत जो कल्ला माजला तो ऐकून शेजारच्या वर्गाचे गुरुजी धांवत आले.

आमच्या पाहुण्या शिक्षिकेला आम्हीं आणखी एक हिशेब मांडून दाखविला. तास पसतीस मिनिटांचा, मुलें चाळीस. एकेकाला उभें करून बोलविलें तर प्रत्येकाच्या वांट्यास पुरतें एक मिनिटहि येत नाहीं, आणि त्यांतहि निम्मा वेळ मास्तरच बोलतो. तेंच जोड्या लाविल्या तर एका वेळीं वीस तोंडें चालूं होतात. एकाजवळ गाडीची वेळ, दुसऱ्याजवळ स्टेशनाचें नांव. विचारल्याशिवाय दोघांचेंहि अडतें. मध्येंच मराठी शब्द आला तर येऊं द्यावा. आणि बोलतांना चूक पकडूं नये. ती कागदावर टिपावी आणि दुसऱ्या दिवशीं, कोणाची तें न सांगतां, फळ्यावर लिहावी. एवढ्या एका गोष्टीनें आमचा वर्ग पालटला. दुर्दैव हें कीं, ज्याच्यासाठीं पालटावयाचा तो मुलगा तोंवर वर्गांतून गेलेला होता.

"पण गुरुजी, अभ्यासक्रम पुरा कसा व्हायचा?" असें तिनें विचारलेंच. आम्ही म्हटलें, "अगं, तीन धडे कमी झाले तर तुझे वरिष्ठ रागावतील, तें तूं सोस. पण मुलांना सोसायला लावूं नकोस." ह्या उत्तरानें तिचें पूर्ण समाधान झालें असें दिसलें नाहीं. जातांना मात्र आमच्याजवळचें जुनें वेळापत्रक मागून घेऊन गेली.

तो मुलगा आतां भाड्याची मोटार चालवितो. गेल्या वर्षीं आम्हांस पुण्यास डोळे तपासावयास नेलें तें त्यानेंच. वाटेंत कोणा दाक्षिणात्य प्रवाशाचा फोन आला. "यस्टर्डे आल्सो आय कम, सर, यू नॉट देअर," असें तो ठणकावून सांगत होता. दुरुस्तीचा शब्द आमच्या ओठांपर्यंत आला होता. तो गिळून आम्ही खिडकींतून कामशेतचीं भातखाचरें पाहत राहिलों. बोलणें संपल्यावर तो आमच्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, बरोबर बोललों ना?" आम्ही म्हटलें, "त्याला समजलें ना? मग ठीक." भाडें घ्यावयास तो तयार नव्हता, तें मात्र आम्हीं आग्रहानें दिलें.