नकाशावर नाही, ते योजनेत नाही

आपल्या घरातली वीज कोठून येते, असे लहान मुलाने विचारले तर आपण बहुतेक जण रस्त्यावरच्या सी.ई.बी.च्या तारेकडे बोट दाखवू आणि मोकळे होऊ. तारेच्या पलीकडच्या टोकाला काय जळते, हे मात्र एकदा नीट पाहिले पाहिजे. सें लुई, फोर्ट व्हिक्टोरिया आणि फोर्ट जॉर्ज येथील केंद्रांत जहाजाने आणलेले जड तेल जळते. साखर कारखान्यांना जोडलेल्या केंद्रांत उसाच्या हंगामात चिपाड जळते आणि हंगाम संपला की जहाजाने आणलेला कोळसा. सगळा हिशेब केला तर आपल्या विजेच्या पाच भागांतले जवळपास चार भाग परदेशातून विकत आणलेल्या इंधनावर निघतात. रस्त्यांचीही तीच कथा. साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीच्या या बेटावर नोंदलेली वाहने सहा लाखांहून अधिक झाली आहेत. त्यांच्या टाक्या भरण्यासाठी देशाचे परकीय चलन समुद्रापार जाते. डोक्यावर वर्षभर तळपणारा सूर्य, चहूकडे वारा, आणि आपण मात्र दूरदेशीचे तेल जाळून दिवे लावतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू आपल्यासाठीच गाठीला बांधून दिली होती!

ही स्थिती बदलावी, यावर आता फारसे दुमत उरलेले नाही. २०३० सालापर्यंत ६० टक्के वीज नूतनक्षम साधनांतून मिळवायची आणि विजेसाठी कोळसा जाळणे थांबवायचे, असे उद्दिष्ट सरकारने २०२१ साली जाहीर केले. प्रश्न उरतो तो कोठे आणि कोणासाठी हा. सूर्यपत्रे कोणत्या छपरावर बसवायची, विजेवर चालणारी बस कोणत्या मार्गावर सोडायची, थांबा कोणत्या वळणावर ठेवायचा, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शेवटी नकाशावरच्या एका ठिकाणापाशी येऊन थांबते. म्हणून आज नकाशाविषयी चार शब्द लिहिणे आम्हास अगत्याचे वाटते.

नकाशा हे आपल्या बेटाला नवे नाही. ला काय या फ्रेंच ज्योतिर्विदाने १७५३ साली येथे येऊन बेटाची मोजणी केली होती. पण आजचा नकाशा कागदावरच्या रेघांचा राहिलेला नाही. युरोपचे सेंटिनेल उपग्रह दहा-दहा मीटरच्या तुकड्यांत सारी पृथ्वी पुन्हा पुन्हा टिपतात आणि ती चित्रे कोणालाही फुकट मिळतात. विमानातून सोडलेल्या प्रकाशकिरणांनी जमिनीची व इमारतींची उंची मोजता येते. बसमध्ये बसवलेले यंत्र ती या क्षणी कोठे आहे हे सांगते. खानेसुमारी कोणत्या भागात किती माणसे राहतात ते सांगते. अशा सर्व माहितीला, जिच्यात ‘काय’ याबरोबर ‘कोठे’ हेही नोंदलेले असते, भूस्थानिक माहिती म्हणतात. काचेवर काढलेली निरनिराळी चित्रे एकावर एक ठेवून उजेडात धरावीत, तसे हे थर संगणकात एकमेकांवर ठेवले जातात. वस्तीचा थर, चढणीचा थर, बसथांब्यांचा थर, विजेच्या तारांचा थर. एकेका थरात न दिसणारी गोष्ट चार थर एकत्र आले की डोळ्यांत भरते.

उदाहरणच घ्यावयाचे तर उन्हाचे घेऊ. बेट लहान, टोकापासून टोकापर्यंत दोन तासांत मोटारीने जाता येते. तरीही पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर मधल्या पठारावर तो ४,००० मिलिमीटरच्या घरात जातो. क्युरपिपच्या ढगांखाली राहणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. म्हणजे तेच सूर्यपत्र बांबूला बसवले तर जास्त वीज देईल आणि क्युरपिपला कमी. २०१४ साली सुमारे १५ मेगावॅटचे सौर केंद्र बांबू येथे उभे राहिले, ते उगीच नव्हे. जागतिक बँकेने २०१७ साली खुला केलेला उन्हाचा जागतिक नकाशा आज कोणीही उघडून आपल्या गावावर किती ऊन पडते ते पाहू शकतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी. आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात सूर्यपत्राचे तोंड दक्षिणेकडे करतात. आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेस राहतो, म्हणून येथे ते उत्तरेकडे करावे लागते. भारतातून आलेली माहितीपुस्तिका वाचून कोणी उलटी मांडणी केली, तर दोष सूर्याचा नव्हे.

आता छपरांकडे वळू. १९६० सालच्या कॅरोल वादळाने हजारो घरे जमीनदोस्त केली आणि त्यानंतर बेटावर सिमेंटची घरे व सपाट गच्च्या वाढत गेल्या. उपग्रहातून पाहणाऱ्याला या गच्च्या म्हणजे सूर्यपत्रांसाठी आयत्या मिळालेल्या जागा वाटतात. संगणक त्या मोजून एका क्षणात आकडाही काढून देतो. परंतु त्या गच्चीवरून वर आलेल्या लोखंडी सळ्या काय सांगतात, हे संगणकाला कोण समजावणार? उद्या मुलाचे लग्न होईल, तेव्हा त्याच्यासाठी वरचा मजला चढवायचा म्हणून बापाने त्या सळ्या राखून ठेवलेल्या असतात. आज तेथे वीस-पंचवीस वर्षे टिकणारी सूर्यपत्रे बसवली, तर पाच वर्षांत ती काढावी लागतील. ही गोष्ट आकाशातून दिसत नाही. ती घरात येऊन, चहाचा पेला हातात घेऊन विचारावी लागते.

वाहतुकीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. आपल्याकडे आगगाडी १८६४ साली आली. १९५६ साली तिने उतारू नेणे बंद केले आणि १९६४ साली तिचा कारभार पुरता आटोपला. पुढे मोटारी वाढल्या, रस्ते तुंबले आणि अर्ध्या शतकानंतर पुन्हा रुळांची आठवण झाली. भारताच्या साहाय्याने आणि मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीच्या हातून बांधलेल्या मेट्रो एक्सप्रेसचे २०१९ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झाले. २०२२ साली ती क्युरपिपला पोहोचली आणि २०२३ साली तिची शाखा रोझ हिलहून एबेन व रेद्वीपर्यंत गेली. तिचा बराचसा मार्ग जुन्या आगगाडीच्याच वाटेवरून जातो. दाट वस्तीच्या गावांना जोडणारी ही वाट जुन्या अभियंत्यांनी पायी हिंडून शोधली होती. आजच्या नकाशानेही जवळपास तीच दाखवली.

मेट्रोचे स्वागतच केले पाहिजे. पण ती पोर्ट लुईपासून पठारापर्यंतच्या पट्ट्यात धावते. पश्चिमेकडची बांबू, कास्कावेल ही गावे, जेथे आपली कितीतरी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, या रुळांपासून दूरच आहेत. जुन्या आगगाडीची एक शाखा ब्लॅक रिव्हरकडेही जात असे, हे येथे आठवते. पुन्हा तेथे रूळ घालावेत असा आमचा हट्ट नाही. तेवढी वस्ती तेथे नसेलही. पण मेट्रोला जोडून घेणारी, वेळेवर येणारी, शक्य तेथे विजेवर चालणारी बस त्या गावांना मिळायला हवी. ती कोणत्या वाटेने न्यावी, हे थरांचा नकाशा चांगले सांगू शकतो. विजेच्या बसला चढण महागात पडते. समुद्रसपाटीवरून साडेपाचशे मीटर उंचीच्या क्युरपिपला चढताना तिचा साठा भराभर उतरतो आणि खाली येताना ब्रेक लावला की त्यातला काही भाग परत मिळतो. कोणत्या मार्गाला किती मोठी बॅटरी लागेल, ती दुपारच्या उन्हात कोठे भरून घ्यावी म्हणजे दिवेलागणीच्या वेळी केंद्रांवर ताण पडणार नाही, हे सारे उंचीच्या, उन्हाच्या आणि तारांच्या नकाशांवरून आधीच ठरवता येते. असा हिशेब न करता विजेच्या बसगाड्या आणल्या आणि त्या रात्री कोळशाच्या विजेवर भरल्या, तर धूर रस्त्यावरून उठून कारखान्याच्या धुराड्यात गेला, एवढाच फरक पडेल.

मात्र नकाशाचा एक दोष उघड बोलला पाहिजे. नकाशा चालते-फिरते मोजतो. घरी बसलेले मोजत नाही. मोबाइलच्या खुणांवरून आणि तिकिटांवरून लोक कोठून कोठे जातात हे कळते. पण जी आजी बस येत नाही म्हणून दवाखान्याची फेरी टाळते, जी मुलगी संध्याकाळी परतायला गाडी नाही म्हणून शिकवणीचे नाव काढत नाही, त्यांची खूण कोणत्याच यंत्रात उमटत नाही. मग आकडा म्हणतो, या गावात मागणीच नाही. मागणी नाही म्हणून बस नाही आणि बस नाही म्हणून मागणी नाही, असा हा फेरा आहे. २००५ पासून वृद्धांना व विद्यार्थ्यांना बसप्रवास मोफत झाला, ही मोठी गोष्ट. पण थांब्यापर्यंतची वाट चालवेना, तर मोफत प्रवासाचा उपयोग काय? योजनाकार थांब्याभोवती चारशे मीटरचे वर्तुळ काढतात आणि त्यातली सर्व घरे थांब्याजवळची धरतात. मध्ये ओढा असला, उसाचे शेत असले, पदपथ नसलेला रस्ता असला, तर ते चारशे मीटर हजाराचे होतात. पाखराला जवळचे ते माणसाला जवळचे असतेच असे नाही.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. नकाशावर घर म्हणजे एक चौकोन. २०११ सालच्या भूमापन कायद्यानंतर जमिनीच्या तुकड्यांना ओळखक्रमांकही मिळू लागले, त्यामुळे व्यवहार सोपे झाले हे खरे. पण २०१७ साली मेट्रोच्या मार्गासाठी ला ब्यूत येथील घरे पाडली गेली, तेव्हा तेथल्या कुटुंबांचा आक्रोश साऱ्या बेटाने पाहिला. रेघ काढणाऱ्याच्या टेबलावर तो चौकोन एका फटक्यात पुसला जातो. तेथे वाढलेल्या माणसाच्या मनातून तो जन्मभर पुसला जात नाही. उद्या सौर केंद्रांसाठी, तारांसाठी, नव्या मार्गांसाठी पुन्हा जमिनी लागतील. उसाखालची जमीन १९९० च्या दशकाच्या मानाने निम्म्याच्या आसपास उतरली आहे आणि पडीक शेतांवर बंगल्यांच्या व्यापाऱ्यांचे डोळे आहेत. दर चौरस किलोमीटरला सहाशेवर माणसे राहतात अशा बेटावर जमिनीचा एकच तुकडा शेती, घर, रस्ता आणि वीज असे चौघे मागतात. तो कोणाला द्यावा हे बंद खोलीत ठरू नये, एवढीच आमची मागणी आहे.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवतो. पहिली, सरकारी खात्यांकडे असलेले थर, म्हणजे थांबे, मार्ग, तारा, पाणी तुंबण्याच्या जागा, नागरिकांना सहज पाहता येतील असे खुले करावेत. २०१३ च्या मार्चमध्ये आणि २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांचे काय झाले, ते आपण विसरलेलो नाही. वीजकेंद्र वा बसचा डेपो सखल जागी बांधला जात असेल, तर लोकांना ते आधी दिसले पाहिजे. दुसरी, प्रत्येक योजनेचा नकाशा रेघ पक्की होण्याआधी त्या त्या गावात, लोकांना कळेल अशा भाषेत मांडावा. तिसरी, घरोघर जाऊन प्रवासाची पाहणी करावी आणि जे प्रवास करीत नाहीत त्यांनाही ‘का नाही’ हे विचारावे.

आणि वाचकहो, सगळे सरकारवर ढकलून आपण हात झटकणे बरे नव्हे. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा जगभरच्या सामान्य माणसांनीच भरला आहे. आपल्या गावाची पायवाट, ओढ्यावरचा साकव, छप्पर नसलेला थांबा, मंदिर, शाळा, दवाखाना हे सारे आपल्या तरुण मुलामुलींना त्यावर नोंदवता येईल. मोबाइल त्यांच्या हातात दिवसभर असतोच. रविवारचे दोन तास या कामी लागले तर बिघडणार नाही. वडीलधाऱ्यांनी त्यांच्याबरोबर चालावे, कारण कोणत्या पावसात कोणती वाट बुडते हे त्यांनाच ठाऊक आहे. गावोगावच्या मंडळींनी गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी करताना घरे मोजलेलीच असतात. त्याच यादीला धरून कोणाच्या घरी कोण वृद्ध आहे, थांबा किती पावलांवर आहे, गच्चीवर मजला चढणार आहे की नाही, एवढे लिहून काढणे कठीण नाही. नावे आणि खासगी गोष्टी घरातच राहोत. गावाचा आकडा तेवढा पुढे जाऊ दे.

आपले आजे-पणजे या बेटावर उतरले, तेव्हा त्यांच्या नावापुढे एक क्रमांक लिहिला गेला आणि तो लिहिणारा हात दुसऱ्याचा होता. आज मोजणीचे साधन आपल्याही हाती आले आहे. पुढच्या पन्नास वर्षांचे रस्ते आणि तारा कोठून जाणार, हे येत्या काही वर्षांत ठरणार आहे. नकाशावर जे नाही, ते योजनेत येत नाही. तेव्हा आपले गाव त्यावर आहे की नाही, हे पाहण्याचे काम आपलेच आहे.