नाव कोणाचे, हात कोणाचे?



सिंगापूर बेटाच्या पूर्व टोकास, विमानतळाजवळ, चांगी बिझनेस पार्क नावाची कार्यालयांची मोठी वसाहत १९९७ पासून उभी राहिली आहे. बँकांच्या व संगणक कंपन्यांच्या तेथील कार्यालयांत अनेक भारतीय तरुण नोकरी करतात. त्यांत मराठी घरांतील मुलेमुलीही आहेत. त्या देशात मोटारगाडी घेणे सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरचे आहे. कारण वाहन घेण्याआधी सरकारी हक्कपत्र बोली लावून विकत घ्यावे लागते, आणि त्याची मुदत दहाच वर्षांची असते. मोटरसायकललाही ते लागते, परंतु मोटारीच्या मानाने पुष्कळ स्वस्तात मिळते. शिवाय तेथील कायद्याप्रमाणे नवशिक्या चालकाने प्रथम २०० सीसीपर्यंतचीच गाडी चालवावयाची. पुढे निदान एक वर्षाने ४०० सीसीपर्यंतचा परवाना मिळू शकतो. त्यामुळे लहान इंजिनाच्या मोटरसायकलीस तेथे सदैव मागणी असते.

या मोजमापांत नेमक्या बसणाऱ्या गाड्यांपैकी काहींच्या टाकीवर ऑस्ट्रियातील केटीएमचे, तर काहींच्या टाकीवर इंग्लंडमधील ट्रायम्फचे नाव असते. ही दोन्ही घराणी जुनी व नामांकित आहेत. परंतु त्यांच्या लहान मोटरसायकली तयार होतात त्या पुण्याजवळ चाकण येथे, बजाज ऑटोच्या कारखान्यात. जे चाकण आपणांपैकी पुष्कळांना केवळ कांद्याच्या बाजारामुळे व संग्रामदुर्गामुळे ठाऊक होते, तेथून आज जगाच्या रस्त्यांवर वाहने जातात. हे कसे घडले, ते समजून घेण्याजोगे आहे.

या गोष्टीचा आरंभ १९६० च्या सुमारास होतो. इटलीच्या पिआजिओ कंपनीच्या परवान्याने बजाजने व्हेस्पा स्कूटर बनविण्यास सुरुवात केली. आराखडा इटलीचा, नाव इटलीचे, मजुरी आपली. १९७१ मध्ये हा करार संपला. परंतु अकरा वर्षांत साचे, यंत्रे आणि मुख्य म्हणजे कारागिरांच्या बोटांतील सवय येथेच राहिली होती. १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली ती या शिदोरीवर. त्या काळी मुंबई-पुण्यात राहणाऱ्या वाचकांना स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणे आठवत असेल.

पुढची पायरी जपानच्या कावासाकीबरोबरची. १९८० नंतरच्या दशकात त्यांच्या तांत्रिक साहाय्याने मोटरसायकली बनू लागल्या. हे शिक्षण दीर्घकाळ चालले. आणि २००१ मध्ये बजाजने ‘पल्सर’ ही गाडी स्वतःच्या नावाने आणली. तिच्या यशाने कंपनीस प्रथमच आत्मविश्वास आला, की आपण केवळ दुसऱ्याचा नमुना गिरवीत नाही.

तिसरी पायरी २००७ ची. त्या वर्षी बजाजने केटीएमचे सुमारे साडेचौदा टक्के भाग विकत घेतले व पुढे तो वाटा वाढवीत नेला. येथे दोघांनाही एकमेकांची गरज होती. केटीएमची ख्याती शर्यतीच्या व खडकाळ वाटांवरील दणकट गाड्यांची. लहान गाडी स्वस्तात बनविणे ऑस्ट्रियातील मजुरीच्या दरात परवडणारे नव्हते. लहान गाडी पुष्कळ संख्येने बनली तरच तिच्यात नफा उरतो. ती संख्या, आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यांचे जाळे बजाजकडे होते. नव्हते ते युरोपच्या बाजारात चालणारे नाव. २०११ मध्ये १२५ सीसीची ‘ड्यूक’ चाकणहून प्रथम युरोपात गेली. तिची शक्ती १५ अश्वशक्तीच का ठेवली? कारण युरोपात सोळा वर्षांच्या मुलास मिळणाऱ्या परवान्याची मर्यादा तेवढीच आहे. २०१२ मध्ये भारतात २०० सीसीची, व २०१३ मध्ये ३९० ही मोठी बहीण आली. यंत्राचा आकार अभियंत्याच्या मेजावर ठरतो हे खरे. परंतु त्याआधी तो परवान्याच्या कायद्यात ठरलेला असतो.

ट्रायम्फबरोबरच्या सहकार्याची घोषणा २०१७ मध्ये झाली, करार २०२० मध्ये झाला व २०२३ मध्ये ३९८ सीसीची ‘स्पीड ४००’ आली. येथे भागभांडवलाची देवघेव नाही. केवळ कामाची वाटणी आहे. अशीच वाटणी जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये तामिळनाडूतील होसूरच्या टीव्हीएसबरोबर केली.

वाचकहो, ही केवळ यशाची कथा म्हणून सांगितली तर ती अर्धीच होईल. २०१३ मध्ये, ३९० ड्यूक बाजारात आली त्याच वर्षी, चाकणच्या कामगारांनी सुमारे पन्नास दिवस संप केला. त्यांची एक मागणी अशी होती, की प्रत्येक कामगारास कंपनीचे ५०० भाग प्रत्येकी एक रुपयाने मिळावेत. मागणी मान्य झाली नाही व संप बिनशर्त मागे घेण्यात आला. ती योग्य होती की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतील. परंतु जो प्रश्न कंपनी परदेशी भागीदारास विचारीत होती, की आमच्या श्रमांत आमचा वाटा किती, तोच प्रश्न कामगारांनी कंपनीस विचारला, हे विसरता येत नाही.

आणि गुरूच्या घरीही सारे कुशल राहिले नाही. न विकलेल्या गाड्यांचा साठा व कर्ज वाढत जाऊन नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने दिवाळखोरीची कार्यवाही सुरू केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी आपल्या येण्यापैकी ३० टक्क्यांवर समाधान मानले. त्यासाठी व कारखाना पुन्हा चालू करण्यासाठी लागणारा पैसा बजाजने उभा केला. एकूण मदत ८० कोटी युरोंची होती. त्याच वर्षी कंपनीचे नियंत्रणही बजाजकडे आले. एके काळी परवान्यावर स्कूटर जुळविणाऱ्याने नामांकित घराणे सावरले, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या पडझडीत ऑस्ट्रियातील शेकडो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, हेही त्याच हिशेबात लिहिले पाहिजे.

आपल्या समाजास हा विषय परका नाही. कोकणातील तेलघाणा सोडून आपली माणसे सुतारकाम, गवंडीकाम, रेल्वे व सरकारी कचेऱ्यांत गेली. पुढे दिमोना, बिअरशेबा, अश्दोद येथे नव्या भाषेत, दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लागली. अशा वेळी मनात येते, की नाव दुसऱ्याचे, आपण केवळ हात. वरील कथा सांगते, की दुसऱ्याच्या नावाखाली काम करण्यात कमीपणा नाही. मात्र तेथे शिकणे थांबता कामा नये. व्हेस्पा बनविणाऱ्यांनी जर केवळ मजुरी मोजली असती, तर १९७१ नंतर कारखान्यास कुलूप लागले असते.

म्हणून आपली मुले चांगीत, चाकणमध्ये किंवा तेल अवीवमध्ये नोकरीस लागतील तेव्हा पगाराचा आकडा जरूर विचारावा. त्यासोबत हेही विचारावे, की हा करार ज्या दिवशी संपेल, त्या दिवशी तुझ्या हाती कोणते ज्ञान उरेल?