गाडी सोडायची कुठे?

दिवाळीच्या सुट्टीत नांदेड-लातूरकडची कुटुंबं गाडी काढून कोकणात उतरतात, तेव्हा मालवणात एक गोष्ट मुकाट घडते. सिंधुदुर्ग समोर दिसत असतो, पण गाडी त्याच्या दारापर्यंत नेण्याचा हट्ट कुणी धरत नाही. गाडी किनाऱ्यावर उभी राहते आणि माणसं होडीत बसतात. जंजिऱ्याचंही तसंच. राजपुरीला गाडी सोडली की पुढे खलाशी म्हणेल ती पूर्व दिशा. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पण गाड्या अडवायला तिथे फलक लावावा लागत नाही; ते काम पाणीच करतं. या सक्तीनं मालवणचं काही बिघडलेलं नाही. होडीची वाट पाहणारा माणूस बाजारात फिरतो, मासे-भात जेवतो, कोकम आणि काजू पिशवीत टाकतो, उशीर झाला तर मुक्कामही करतो. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या किल्ल्याचं नाव निघालं की मात्र याच माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘पार दारापर्यंत गाडी जाते ना?’ पर्यटनविकासाच्या आपल्या कल्पनाही तिथूनच सुरू होतात. आधी दारापर्यंत रस्ता, मग दारासमोर वाहनतळ. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. कंधारला वाहनतळ हवाच, पण तो खंदकाच्या काठावर नको. तो गावाच्या वेशीवर असावा आणि तिथून पुढे माणसांनी बाजारातून पायी किंवा रिक्षानं जावं.

हा किल्ला भुईकोट आहे. त्याचं मूळ राष्ट्रकूटांच्या काळात, दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्णाकडे नेलं जातं. पुढे बहमनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचं संस्थान असे धनी बदलत गेले. आधाराला डोंगर नाही, कडा नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी सगळी भिस्त तट आणि रुंद खंदकावर ठेवली. वाटाही वळवून नेल्या, हत्तीला सरळ धाव घेऊन दारावर धडक मारता येऊ नये म्हणून. बाहेरचं वाहन बाहेरच राहावं यासाठी ज्यांनी एवढा खर्च केला, त्यांच्या खंदकाच्या काठी आपण गाड्यांसाठी पांढरे पट्टे आखणार, हा विनोद इतिहासाला पेलवणारा नाही. विनोद सोडला तरी साधा हिशेब उरतो. काठावर डांबर किंवा काँक्रीट केलं की पावसाचं पाणी मुरायचं थांबतं आणि गाड्यांचं तेल, पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं घेऊन उताराला लागतं. उतार खंदकाकडेच असतो. शिवाय भुईकोट लांबून डोंगरावर दिसत नाही, तो जवळ गेल्यावरच उलगडतो. तट आणि बघणारा यांच्या मध्ये गाड्यांची रांग आली की बघण्यासारखं निम्मं तिथेच झाकलं जातं.

आता जागेचं बघू, तेही शेतकऱ्याच्या मापानं. एक मोटार उभी राहायला आणि वळायला मिळून साधारण २५ चौरस मीटर लागतात, म्हणजे गुंठ्यात चार गाड्या. एकरभर जमीन दिली तर १६० गाड्या मावल्या. गाडीत चार-पाच माणसं धरली तर सात-साडेसातशे माणसांसाठी एक एकर गेला, आणि तो कुठला, तर गावातल्या सगळ्यात मोलाच्या वास्तूला लागून. एवढीच माणसं वेशीवर उतरून चालत आली तर खंदकाकाठी एक गुंठाही लागत नाही. त्याहून मोठा फरक पैशाचा. दारात गाडी लावणारा पाहुणा काच खाली न करता गावातून येतो आणि तसाच परततो. तो कंधारला येऊन गेला हे कंधारच्या चहावाल्याला कळतही नाही. वेशीपासून चालणारा माणूस मात्र भजी खातो, टोपी विकत घेतो, मुलाची चप्पल तुटली तर चांभार शोधतो. गावाचं पर्यटन म्हणतात ते हेच; किल्ल्याचं तिकीट त्यातला फार लहान भाग.

मराठवाड्याला याचा दाखला परदेशात शोधायला नको. अजिंठ्याला दोन दशकांहून अधिक काळ खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं जावं लागतं. जपानच्या कर्जसाहाय्यातून ही व्यवस्था उभी राहिली. सुट्टीच्या दिवशी बससाठी रांगा लागतात, लोक कुरकुरतात. पण वाघुर नदीच्या वळणावर आज धूर आणि हॉर्न नाहीत, याचं श्रेय या रांगांनाच द्यावं लागेल. साताऱ्याच्या कास पठारावर दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली, गाड्या फुलांपासून लांब ठेवल्या गेल्या आणि कारभार आसपासच्या गावांच्या समित्यांकडे राहिला, म्हणून शुल्काचा पैसाही त्या गावांत फिरला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं अकेडिया हे राष्ट्रीय उद्यान तर मोटारवेड्या देशातलं. तिथे १९९९ पासून मोफत बस फिरते आणि २०२१ पासून कॅडिलॅक डोंगराच्या रस्त्यावर गाडी न्यायला, हंगामात, आधी वेळ राखून ठेवावी लागते. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? शेजारच्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाला मार्गशीर्षात यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं यांचा तो बाजार. बैलगाडीच्या काळात यात्रेकरू गाडी देवळाच्या पायरीशी आणत नसे. ती रानात सोडायची, बैलांना वैरण टाकायची आणि पुढे पायी देवाला जायचं. मराठीत गाडी ‘लावतात’ हे अलीकडचं. आधी गाडी ‘सोडायची’ असायची. बैल गेले तशी ही रीतही विसरली.

आक्षेप येतील आणि त्यातले काही खरे आहेत. म्हाताऱ्या माणसांनी, अपंगांनी मे महिन्याच्या उन्हात चालायचं का? नाही. त्यांची गाडी दारापर्यंत सोडावी, तिथे उतरवून परत वेशीवर न्यावी, आणि ई-रिक्षांची ठरलेल्या दरात सोय करावी. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, मोटारी दस्तुरीला थांबतात, तरी २०२२ च्या अखेरीस तिथेही ई-रिक्षा प्रयोगादाखल आल्या. बंदी म्हणजे दुर्बळांची अडवणूक नव्हे, हे तिथे उशिरा का होईना मान्य झालं. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सिंहगडावर २०२२ च्या मे महिन्यात खासगी गाड्या बंद करून ई-बस सुरू झाल्या आणि काही दिवसांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. त्यावरून ‘आपल्याकडे हे चालत नाही’ असं म्हणायची घाई होते. तिथे घाट, चार्जिंग आणि गर्दी यांचं गणित जमलं नव्हतं. पर्याय पुरता उभा राहण्याआधी जुनी सोय काढून घेतली गेली. कंधारला घाट नाही. वेस ते किल्ला हे अंतर रिक्षाचं आहे, बसच्या ताफ्याचं नाही.

तिसरा आक्षेप गावातलाच माणूस घेईल: ‘अहो, आधी गर्दी तर येऊ द्या!’ गर्दीचे रस्ते मात्र तयार होत आहेत. तुळजापूर, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जवळून जातो. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठा लष्करी भूदृश्यांतले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात मराठवाड्यातला एकही नाही, पण किल्ले बघायची हौस त्यामुळे यादीपुरती थांबणार नाही. गर्दी नाही म्हणूनच आजची वेळ बरी आहे. खंदकाशेजारी एकदा वाहनतळ झाला की त्याच्या कडेला टपऱ्या येतात, टपऱ्यांना पत्रे लागतात, पत्र्यांना मीटर मिळतात, आणि मग तो वाहनतळ हलवणं म्हणजे वीस-पंचवीस संसार हलवणं होतं. नगरपरिषदेनं विकास आराखड्यात वेशीवरची दोन-तीन एकर जागा आताच राखून ठेवावी, तिथे सावली, पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालयं आधी करावीत, गाडीचं शुल्क मग घ्यावं. रंगीत तालमीसाठी वेगळं काही करायला नको. हाजी सय्या दर्ग्याच्या उरुसाला गाव भरतंच. त्या दिवसांत चारचाकी वेशीवर थांबवून, रिक्षांना फेऱ्या ठरवून देऊन बघावं, आणि उरूस संपल्यावर बाजारातल्या दुकानदारांना गल्ला विचारावा.