चकाकते ते जुने नव्हे

जुनी आणि रस्त्यावर चालवण्यास अयोग्य ठरलेली वाहने मोडीत काढण्याचे धोरण आणि पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी मान्यता देणारे नियम, या दोन्ही गोष्टी केंद्र सरकारने २०२१ या एकाच वर्षी देशापुढे ठेवल्या. पहिल्या निर्णयाची चर्चा पुष्कळ झाली, कारण त्याचा संबंध असंख्य वाहनमालकांच्या खिशाशी होता. दुसरा निर्णय मूठभर हौशी धनिकांची सोय एवढ्यापुरताच पाहिला गेला. वास्तविक एखादी वस्तू भंगार केव्हा ठरते आणि वारसा केव्हा, हा एकच प्रश्न दोन्ही निर्णयांच्या मुळाशी आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर मोटारीच्या एका उपेक्षित भागाकडे, म्हणजे तिच्या मूळ अलॉय व्हीलकडे, अर्थात मिश्रधातूच्या चाकांकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी वा मोटार ‘व्हिंटेज’ ठरते. परदेशातून आणलेल्या वाहनांचाही त्यात समावेश आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५ हजार रुपये. क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतेच असे वाहन रस्त्यावर आणता येते. परंतु या सर्वांहून महत्त्वाची अट वेगळीच आहे. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याचा सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, असे नियम सांगतो. या व्याख्येत चाकांचा उल्लेख नाही.

आजवर ही उणीव फारशी जाणवली नाही, आणि त्याला कारणही होते. आपल्याकडील जुन्या गाड्यांची चाके बहुधा तारांच्या आऱ्यांची किंवा पत्र्याची असत. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी काय किंवा अॅम्बॅसडर काय, पोलादी चाक आणि त्यावर चकचकीत टोपी हाच रिवाज होता. पोलादी चाक गंजले तर घासून पुन्हा रंगवता येते, तार तुटली तर नवी बसवता येते. पण पन्नास वर्षांची मर्यादारेषा स्थिर नाही. ती दरवर्षी एक पाऊल पुढे सरकते. १९७० च्या दशकातील गाड्या आता पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत आणि हेच ते दशक, ज्यात मिश्रधातूची चाके शर्यतीच्या मैदानावरून घरगुती मोटारींकडे वळली. आपल्या देशात अशा गाड्या संख्येने थोड्या असतील. तथापि यापुढे त्या वाढतच जाणार.

या चाकांना स्वतःचा इतिहास आहे. ऑगस्ट १९२४ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथील ग्रांप्री शर्यतीत बुगाटी कंपनीने आपली ‘टाइप ३५’ ही गाडी उतरवली, ती अॅल्युमिनियमच्या ओतीव चाकांवर. आठ सपाट आऱ्यांच्या त्या चाकातच ब्रेकचा ड्रम सामावलेला होता. स्प्रिंगांच्या खाली असलेले, म्हणजे स्प्रिंगांनी न तोललेले वजन जितके कमी तितके चाक रस्त्याला धरून राहते, हे त्यामागचे तत्त्व. १९६६ मध्ये पोर्शने ‘९११ एस’ या गाडीला जर्मनीतील मायनर्त्सहागेन येथील ओटो फुक्स कंपनीची पाच पाकळ्यांची चाके दिली. ही चाके ओतीव नव्हती, घडीव होती. म्हणजे धातूचा तापवलेला गोळा प्रचंड दाबाखाली ठोकून त्यांना आकार दिलेला होता. त्यामुळे ती हलकी असूनही मजबूत होती. मर्सिडीज-बेंझच्या सत्तरच्या दशकातील गाड्यांवरही याच कंपनीची घडीव चाके जादा पैसे मोजून मिळत. इटलीच्या लॅम्बॉर्गिनी ‘मिउरा’ने याहून पुढचे पाऊल टाकले आणि मॅग्नेशियमची चाके वापरली. साहजिकच अशा गाडीचे चाक हा बदलता येणारा दागिना नसून त्या काळच्या अभियांत्रिकीचा दस्तऐवज आहे.

हा दस्तऐवज नष्ट होतो तो अपघाताने क्वचित, आणि साफसफाईने अधिक. ऐकायला हे चमत्कारिक वाटेल. पण आपल्या घरातील समई किंवा तांब्याचा हंडा आठवावा. चिंच लावून घासले की काळपटपणा जातो आणि खालचा धातू झळकतो. तेथे डाग निघतो आणि वस्तू राहते. अॅल्युमिनियमचे तसे नाही. त्याच्या पृष्ठभागावर हवेशी संयोग होऊन ऑक्साइडचा जो सूक्ष्म थर तयार होतो, तोच त्याचे चिलखत असतो. हे चिलखत आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कलीतही. फुक्सच्या चाकांवर तर हाच थर विद्युत्प्रक्रियेने मुद्दाम जाड केलेला असे. त्याला अॅनोडायझिंग म्हणतात. जाड म्हणजे किती? तर काही मायक्रॉन, फार तर वीस-पंचवीस. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या थराची नाजूकता ध्यानात यावी. त्याचे मूळ रूप आरशासारखे लखलखीत नसते, मंद रुपेरी असते. हौशी मालकाला ते ‘मळके’ वाटते आणि तो चाक पॉलिश करून घेतो. चार दिवस डोळे दिपतात. पुढे उघडा पडलेला धातू पुन्हा काळवंडतो आणि पुन्हा घासावा लागतो. प्रत्येक वेळी थोडा धातू जातो, कडा बोथट होतात आणि कारखान्यातून आलेला पृष्ठभाग कायमचा नाहीसा होतो.

गाड्या धुण्याच्या केंद्रांवर वापरली जाणारी द्रावणे हा दुसरा धोका. चाकावरील तपकिरी थर क्षणात उतरवणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याच्या जातीची रसायने असतात. ती धातूवर पांढुरके चट्टे उठवतात आणि ती हाताळणाऱ्या कामगाराच्या त्वचेलाच नव्हे, तर हाडांनाही इजा करू शकतात. मालकाच्या हौशीची किंमत धुणाऱ्या पोराने का मोजावी, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

मग योग्य रीत कोणती? सर्वप्रथम पृष्ठभाग ओळखावा. चाकावर रंग किंवा लाखेसारखा पारदर्शक थर आहे, अॅनोडायझिंग आहे, धातू उघडा आहे की तो मुळात मॅग्नेशियमच आहे, हे ठरवल्याखेरीज कोणतेही द्रावण लावू नये. चाकाच्या मागील बाजूस थोडेसे धातूचे पॉलिश चोळून पाहिले आणि फडके लगेच काळे झाले, तर बहुधा अॅल्युमिनियम उघडे आहे असे समजावे. त्यानंतरची कृती अगदी साधी आहे. चाक पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण तापलेल्या धातूवर साबण वाळून डाग धरतो. आधी भरपूर पाण्याने माती सुटू द्यावी. मग सौम्य, आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा साबण आणि मऊ केसांचा कुंचला वापरावा. चाकांची बादली आणि बोळा बाकीच्या गाडीपासून वेगळा ठेवावा. अन्यथा ब्रेकमधून निघालेले लोखंडाचे कण रंगावर ओरखडे पाडतात. हे कण चाकात रुतून बसले असतील, तर लोखंडाशी संयोग होऊन जांभळे होणारे उदासीन द्रावण मिळते. तेही आधी कोपऱ्यात तपासून लावावे आणि वाळण्यापूर्वी धुऊन टाकावे. उघड्या मॅग्नेशियमला मात्र ते लावू नये. तारेची घासणी आणि खरखरीत काथ्या यांना येथे प्रवेश नाही. शेवटी चाक कोरडे पुसून मेणाचा पातळ हात द्यावा.

वर्षातून एकदा चाक उतरवून आतली बाजू पाहणे आवश्यक आहे, कारण खरी झीज तेथे असते. समतोलासाठी कडेला ठोकलेली वजने थर फोडतात. पोलाद आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकून राहिले की अॅल्युमिनियम झिजू लागते. मुंबई आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून पावसाळ्यात प्लास्टिकच्या घट्ट आच्छादनाखाली गाडी ‘सुरक्षित’ ठेवणे हा भ्रम आहे. आत कोंडलेला दमटपणा लाखेखाली पांढऱ्या, अळीसारख्या रेषा उमटवतो. त्या घासून जात नाहीत. तेवढाच भाग कोरडा करून झाकणे आणि पुढचा प्रसार थांबवणे, एवढेच हाती असते.

दुरुस्तीचा प्रश्न याहून गंभीर आहे. वाकलेले चाक गॅसच्या ज्योतीने तापवून हातोड्याने सरळ करणे ही आपल्याकडील रूढ पद्धत. चाकांच्या मिश्रधातूंना अखेरचे बळ येते ते साधारणतः १५० ते १८० अंश सेल्सिअसच्या नियंत्रित तापमानात काही तास ठेवल्यामुळे. ज्योतीचे बेहिशेबी तापमान ते बळ हिरावून घेते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. नवा रंग भट्टीत पक्का करतानाही तापमान किती आणि किती वेळ, हे विचारले पाहिजे. रंगाखाली बुजलेली भेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने धावताना प्रकट झाली, तर वारसा आणि माणूस दोन्ही गमावण्याची वेळ येईल. म्हणूनच रंगापूर्वी भेगा शोधणारी रंगद्रव्य चाचणी किंवा क्ष-किरण तपासणी करून घेणे, हा खर्च नव्हे, विमा होय. मॅग्नेशियमच्या जुन्या चाकांबाबत तर अनेक जाणकार मूळ संच जपून ठेवतात आणि रस्त्यावर नव्याने बनवलेली प्रतिकृती वापरतात.

येथे एक आक्षेप येईल. ज्या देशात बसथांब्यावर तासन् तास ताटकळावे लागते, तेथे श्रीमंतांच्या चाकांची एवढी चिंता कशाला? आक्षेप अगदीच गैर नाही. परंतु जुने जपणे म्हणजे त्याला नवे करणे, हा समज केवळ मोटारींपुरता नाही. प्राचीन मंदिरांच्या काळ्या पाषाणाला ऑइलपेंट फासण्यामागे आणि किल्ल्यांची तटबंदी सिमेंटने लिंपण्यामागे हीच मनोवृत्ती असते. हेतू चांगला असतो, श्रद्धाही असते. पण पुढच्या पिढीला मिळते ती आपली हौस, पूर्वजांचे काम नव्हे. मोटारीचे चाक हे त्या सवयीचे छोटे उदाहरण आहे, इतकेच.

जगात हा विचार आता रुळला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या संघटनांचा ‘फिवा’ हा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६६ पासून कार्यरत आहे. त्याने स्वीकारलेली ‘ट्युरिन सनद’ वास्तुवारशासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवरून प्रेरणा घेते. आहे ते टिकवणे हे बदलण्याहून श्रेष्ठ, आणि बदलावे लागलेच तर त्याची नोंद ठेवावी, हा तिचा गाभा. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील पेबल बीच येथील प्रतिष्ठेच्या प्रदर्शनात सर्वोत्तम गाडीचा मान १९३४ च्या बुगाटी ‘टाइप ५९’ला मिळाला. तिचा रंग जुना, जागोजागी विटलेला. नव्याने सजवलेल्या गाड्यांना मागे टाकून, मूळ स्थितीत जपलेल्या गाडीने तेथे हा मान मिळवण्याची ती पहिलीच वेळ. आजवर झळाळीला गुण देणाऱ्यांनी खऱ्या वयाला गुण दिले, हा त्यातील संदेश आहे.

आपल्याकडे काय करता येईल? व्हिंटेज नोंदणीपूर्वी वाहनाची तपासणी करणारी समिती नेमण्याची तरतूद नियमांत आहेच. ‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय, याची चाकांसह इतर भागांची सूची या समित्यांच्या हाती देणे कठीण नाही. मात्र त्या सूचीचा अर्थ सुरक्षिततेचा बळी असा होऊ नये. मूळ चाके मालकाकडे जपलेली आहेत आणि त्याच मापाची, नोंद केलेली प्रतिकृती गाडीवर आहे, अशा वाहनाला दंडित करणे अन्यायाचे होईल. दुसरी गरज कारागिरांची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून वेल्डिंग आणि लेथचे काम शिकवले जाते. जुना धातू जपण्याचे शास्त्र त्याला जोडता येईल. आणि तिसरी गोष्ट मालकाच्याच हातची आहे. चाकाच्या मागे कोरलेला क्रमांक आणि निर्मितीची तारीख यांची छायाचित्रे काढून, केलेल्या प्रत्येक कामाची वही ठेवायला एक पैसाही लागत नाही.

पन्नास वर्षे रस्त्यावर काढलेल्या चाकावर चार ओरखडे असणारच. ते लपवण्यासाठी त्याचे अस्सल अंग खरवडून काढले, तर गाडीच्या कागदावर ‘व्हिंटेज’चा शिक्का राहील, पण गाडीत जुने असे फारसे काही उरणार नाही. पुढच्या रविवारी पॉलिशचा डबा उघडण्यापूर्वी मालकाने एवढा विचार केला तरी पुरेसे आहे.