बटाटा कोणाचा भाऊ?

मुलांनो, आजच्या प्रयोगाला परीक्षानळी नको, की सूक्ष्मदर्शक नको. स्वयंपाकघरातली भाजीची टोपली तेवढी समोर ओढा. एकादशीचा आदला दिवस असेल तर फारच छान! टोपलीत बटाटे असतील, रताळी असतील, शेजारी वांगी, टोमॅटो आणि हिरव्या मिरच्याही असतील. आता सांगा बघू, यांच्यात बटाट्याचा भाऊ कोण?

"रताळं!" असंच बहुतेक जण म्हणणार. दोन्ही मातीखाली येतात, दोन्ही उकडून खातात आणि दोन्ही उपासाला चालतात. पण उत्तर चुकलं. बटाट्याची भावंडं आहेत वांगं, टोमॅटो आणि मिरची!

खोटं वाटतं? मग फुलं पाहा. बटाट्याचं आणि वांग्याचं फूल जवळजवळ सारखं असतं. पाच टोकांची चांदणी आणि मधोमध एकत्र उभे राहिलेले पिवळे पुंकेसर. रताळ्याचं फूल मात्र ओढ्याकाठच्या बेशरमाच्या फुलासारखं, कर्ण्याच्या आकाराचं. शिवाय रताळं हे मूळ आहे, तर बटाटा हे खोड. बटाट्याचे 'डोळे' म्हणजे त्या खोडावरच्या कळ्याच.

म्हणजे वर्गीकरण दोन तऱ्हेचं असतं बरं का! एक सोयीचं, दुसरं नात्याचं. टोपली सोयीनं भरतात आणि त्यात काही गैर नाही. पण सजीवांचा अभ्यास करायचा तर 'कोण कोणाचं?' हेच विचारावं लागतं.

कार्ल लिनियस नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने 1735 साली निसर्गातल्या सगळ्या गोष्टींची एक यादी छापली. त्याने प्राणी, वनस्पती आणि खनिजे असे तीन भाग पाडले. पुढे प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचं नाव देण्याची पद्धत त्याने रूढ केली. आपल्या आंब्याचं 'मँजिफेरा इंडिका' हे नाव त्यानेच 1753 साली छापलं. पण गंमत अशी, की पहिल्या यादीत या हुशार माणसाने देवमासा माशांमध्ये बसवला होता! मग 1758 सालच्या दहाव्या आवृत्तीत त्याने स्वतःच देवमाशाला तिथून काढून सस्तन प्राण्यांत नेलं. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो, मग तो मासा कसा?

लिनियसने कप्पे केले. पण दोन सजीव एका कप्प्यात का बसतात, याचं कारण चार्ल्स डार्विनने 1859 साली सांगितलं. त्यांचे पूर्वज एक असतात, म्हणून ते सारखे दिसतात. म्हणजे वर्गीकरण ही नुसती यादी नाही, ती वंशावळ आहे.

या वंशावळीत फार दिवस अडचण केली ती कुत्र्याच्या छत्रीने. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते तीच. ती चालत नाही, बोलत नाही, म्हणून तिला वनस्पतींत टाकलं होतं. पण तिच्यात हरितद्रव्य नाही, ती स्वतःचं अन्न तयार करत नाही. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, म्हणजे झुरळाच्या आणि कोळंबीच्या कवचात असतं तेच. 1969 साली रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. कवकांना स्वतंत्र घर मिळालं. पुढे 1993 साली जनुकांची तुलना झाली, तेव्हा कळलं की कवकं वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. म्हणजे नात्याने कुत्र्याची छत्री आंब्यापेक्षा तुम्हा-आम्हाला जवळची!

आता गोबरगॅसच्या टाकीकडे चला. नाक मुरडू नका! त्या टाकीतला मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव गाईच्या पोटातही राहतात. सूक्ष्मदर्शकातून ते अगदी जिवाणूंसारखे दिसतात. म्हणून सगळे त्यांना जिवाणूच समजत. कार्ल वूस या अमेरिकन शास्त्रज्ञाने मात्र त्यांचं रूप पाहिलं नाही. प्रत्येक सजीवाच्या पेशीत प्रथिनं तयार करणारी यंत्रणा असते. तिच्यातल्या आरएनए या रेणूची 'अक्षरं' त्याने ताडून पाहिली.

ही युक्ती तुम्हाला पटकन कळेल. एका वहीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी उतरवली, तर एका ठिकाणची चूक पुढच्या सगळ्या वह्यांत जाते. सारख्या चुका दिसल्या की कोणाची वही कोणावरून उतरवली हे लगेच पकडता येतं. वूस आणि त्याचा सहकारी जॉर्ज फॉक्स यांनी 1977 साली जाहीर केलं, की हे सूक्ष्मजीव जिवाणू नाहीत, त्यांचं घराणंच वेगळं आहे. आज त्यांना आर्किया म्हणतात. कित्येक शास्त्रज्ञांना हे पटायला बरीच वर्षं लागली. 2015 साली तर उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रतळातल्या गाळात एका नव्या आर्कियाचा डीएनए सापडला आणि गोष्ट आणखी पुढे गेली. आपल्या पेशींचं मूळही आर्कियांच्याच घराण्यात असावं, असं आता बरेच शास्त्रज्ञ मानतात.

आता तुमच्यातलं कुणीतरी नक्की विचारणार, "आधी दोन सृष्टी, मग पाच, मग आणखी तिसरंच! शास्त्रज्ञ सारखं बदलतात, तर आम्ही पाठ तरी कशाला करायचं?"

प्रश्न रास्त आहे. पण काय बदललं ते नीट पाहा. देवमासा पुन्हा माशांत गेला नाही. कुत्र्याची छत्री पुन्हा झाडांत गेली नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी अधिक बारकाईने पाहिलं, पुरावा मांडला आणि दुसऱ्यांनी तो तपासला. कुणी मोठा माणूस म्हणाला म्हणून कप्पा बदलला नाही, आणि लिनियस मोठा होता म्हणून कप्पा तसाच ठेवलाही नाही. तेव्हा पाच सृष्टींची नावं पाठ करा, पण कोण कुठे बसतं याच्यापेक्षा का बसतं हे जास्त लक्षात ठेवा.

आणि ही सगळी नाती जुळतात तरी का? कारण जिवाणू, आर्किया, कुत्र्याची छत्री, आंबा आणि तुम्ही, सगळ्यांच्या पेशींतला मजकूर एकाच लिपीत लिहिलेला आहे. म्हणून शास्त्रज्ञ म्हणतात, आज दिसणाऱ्या सगळ्या सजीवांचा मूळ पूर्वज एकच असावा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सुमारे 350 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या खुणा सापडल्या आहेत. इतकं जुनं आहे आपलं कुटुंब!

आता या आठवड्याचं काम. शेंगदाणे आणि काजू घरात बहुधा शेजारी-शेजारीच ठेवलेले असतात. पण त्यांतला एक तुरीचा भाऊ आहे, तर दुसरा आंब्याचा. कोण कोणाचा? डब्यात पाहून कळणार नाही. शेतात, परसात किंवा चित्रांत फुलं शोधा. एक खूण सांगून ठेवतो, दोघांपैकी एकाला मोहोर येतो. उत्तर फुलांच्या चित्रांसह कळवा.