विश्लेषण : कॅम्पिंग साइटच्या बजेटमध्ये तंबू स्वस्त, मग गणित बिघडते कुठे?

पवना धरणाचा काठ, भंडारदरा, मुळशी... शनिवारच्या रात्री तंबू, शेकोटी आणि बार्बेक्यूचे रील फिरू लागले, की तिथे एक-दोन एकर जमीन असलेल्या घरात प्रश्न निघतोच, ‘आपणही टाकू या का?’ तंबू काही हजारांत मिळतो, त्यामुळे धंदा सोपा वाटतो. पण या धंद्यातला बराचसा पैसा जातो तो फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींवर. कर्ज काढण्याआधी हे गणित समजून घेऊ.

सरकारचे धोरण काय आहे?

राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. कॅराव्हॅन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. अशा गाड्या मुक्कामाला थांबतील ती जागा म्हणजे कॅराव्हॅन पार्क. तिथे पाणी, रस्ता आणि वीज असणे अपेक्षित आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केल्यास काही सवलती मिळू शकतात, पण त्या मुख्यतः कर आणि शुल्कातल्या आहेत. सुरुवातीचे भांडवल मालकालाच उभे करावे लागते.

२० लाख रुपये कुठे जातात?

उदाहरणादाखल १५ तंबू आणि ३० पाहुण्यांची साइट धरू. जमीन घरची आहे. खालील आकडे गणित समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. गाव, जमीन आणि ठेकेदारानुसार ते बदलतील.

• सहा स्वच्छतागृहे, सेप्टिक टँक, शोषखड्डा : ५ लाख
• पोहोचरस्ता आणि सपाटीकरण : ३ लाख
• बोअरवेल, टाकी, पंप, पाइप : २.५ लाख
• वीजजोडणी, वायरिंग, अर्थिंग, इन्व्हर्टर : २.५ लाख
• स्वयंपाकघर आणि जेवणाची शेड : १.७५ लाख
• तंबू, गाद्या, पांघरुणे : १.७५ लाख
• कुंपण, दिवे, सीसीटीव्ही : ७५ हजार
• नकाशा, मोजणी, परवाने : ७५ हजार
• अनपेक्षित खर्चासाठी राखीव : २ लाख

एकूण २० लाख. त्यात तंबूंचा वाटा नऊ टक्क्यांहूनही कमी. अनेक जण आधी तंबू घेतात आणि उरलेल्या पैशांत बाकीचे बसवायला जातात. गणित बिघडायला तिथूनच सुरुवात होते.

सांडपाण्यावर एवढा खर्च कशाला?

शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटरचा निकष वापरतात. तो इथे लावला तर ३० पाहुणे आणि पाच कर्मचाऱ्यांना दिवसाला ४,७२५ लिटर पाणी लागेल. त्यातले साधारण ८० टक्के, म्हणजे ३,७८० लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडेल. हे सगळे एका वीकेंडला, एकाच जागी.

पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पिण्याचे पाणी जाते. म्हणजे काठावरच्या कच्च्या खड्ड्यात सोडलेले सांडपाणी हा फक्त साइटमालकाचा प्रश्न राहत नाही. धंद्याच्या दृष्टीनेही तंबू फाटला तर उद्या बदलता येतो. चुकीच्या उतारावर बांधलेला सेप्टिक टँक हंगामाच्या मध्यावर उकरावा लागतो.

कॅराव्हॅनची सोय करायची तर?

प्रत्येक गाडीला भक्कम, सपाट जागा, वळायला पुरेसा रस्ता, पाण्याचा नळ, गाडीतल्या शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सोय आणि १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो. २३० व्होल्टला १६ अँपिअर म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट. दहा गाड्यांनी एकाच वेळी एसी आणि शेगडी लावली, तर भार ३७ किलोवॉटपर्यंत जाऊ शकतो. घरगुती जोडणीवर हे भागणार नाही. ओल्या जमिनीवर शॉक लागू नये म्हणून प्रत्येक पॉइंटला आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग हवेच. आपल्याकडे अशा गाड्या अजून मोजक्याच आहेत. त्यामुळे आधी दोन जागा तयार कराव्यात आणि पुढच्या जागांसाठी फक्त केबल-पाइपचा मार्ग मोकळा ठेवावा.

वर्षात धंद्याच्या रात्री किती?

वर्षात ५२ वीकेंड, म्हणजे शुक्रवार-शनिवारच्या १०४ रात्री. पावसाळ्याचे १७ आठवडे वजा केले की उरतात ७०. अख्ख्या वर्षाचा हप्ता याच ७० रात्रींतून काढायचा आहे.

त्यात ७० टक्के जागा भरल्या, तर वर्षाला १,४७० पाहुणे येतील. जेवणासह माणशी १,५०० रुपयांनी उलाढाल २२.०५ लाख. खर्च असा :

• जेवण, माणशी ६०० रुपये : ८.८२ लाख
• बुकिंग कमिशन १५ टक्के : ३.३१ लाख
• चार जणांचा आठ महिन्यांचा पगार, दरमहा १२ हजार : ३.८४ लाख
• वीज, डिझेल, दुरुस्ती : १.५ लाख
• तंबू-गाद्या बदलण्यासाठी बाजूला : ६० हजार

उरले ३.९८ लाख. २० लाखांपैकी १५ लाख कर्ज ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २५,७०० रुपये, वर्षाला ३.०८ लाख. हातात राहिले ९० हजार. म्हणजे महिन्याला साडेसात हजार.

दहा टक्के जागा कमी भरल्या तर?

जागा ७० ऐवजी ६० टक्केच भरल्या, तर हप्ता भरून वर्षाला सुमारे ५२ हजारांचा तोटा होतो. पाच वीकेंड अवकाळी पावसात वाया गेले किंवा शेजारी नवी साइट उघडली, तरी हा फरक पडू शकतो.

जास्त धंदा झाला तरी एक खाच आहे. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे. नोंदणीनंतरच्या पूर्ण वर्षात पाहुण्याकडून तेच १,५०० रुपये घेतले आणि त्यातूनच पाच टक्के कर भरला, तर १.०५ लाख जातात. म्हणजे ९० हजारांची शिल्लकही संपते. त्यामुळे दर ठरवतानाच कर वेगळा धरावा लागतो.

जमिनीच्या कागदांचे काय?

धरणासाठी संपादित झालेली काठाची जमीन सरकारची असते. पाण्यालगतचा तंबू फोटोत छान दिसतो, पण तिथले बांधकाम कधीही हटवले जाऊ शकते. आपली हद्द मोजणी करूनच ठरवावी. सातबारावर भाऊ-बहिणींची नावे असतील तर बँक त्यांची संमती मागते. बांधकाम आणि बिगरशेती वापराचे नियम, अन्नपदार्थांसाठीची नोंदणी, बोटिंग किंवा कयाकिंग ठेवल्यास साहसी पर्यटनाची नोंदणी, हे सगळे पहिला ठेकेदार ठरवण्याआधी तपासायला हवे.

मग सुरुवात कशी करावी?

वरच्याच उदाहरणात कर्ज १५ ऐवजी १० लाख असते, तर वर्षाचा हप्ता २.०५ लाखांवर येतो आणि ६० टक्के जागा भरूनही ५१ हजार उरतात. घरची विहीर, घरचे स्वयंपाकघर वापरता आले किंवा स्वतःचे भांडवल वाढवले, तर हे जमू शकते.

दुसरा मार्ग सोमवार ते गुरुवारचा. शाळा, कॉलेज किंवा कंपन्यांचे ३० जणांचे सात गट आणि दर तोच मिळाला, तर कमी झालेले २१० पाहुणे भरून निघतात.

म्हणून बजेट उलट्या बाजूने मांडावे : आधी भरणाऱ्या रात्री, मग झेपणारा हप्ता, मग पाणी-सांडपाणी-वीज, आणि तंबू सर्वांत शेवटी. ६० टक्के जागा भरून हप्ता निघत नसेल, तर कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी आराखडा लहान करावा.